व्हिडिओ थांबवल्यानंतर

छोट्या व्हिडिओत प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालतो. शिकवणाऱ्याची बोटं कीबोर्डवर सरसर फिरतात, उघडलेला कंस मिटतो, अर्धविराम आपल्या जागी पडतो, 'कार्गो रन' ही आज्ञा लिहून एंटर मारलं की खाली हवं ते उत्तर हजर. बारा मिनिटं संपतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, आलं आपल्याला. हे वाटणं अगदीच निराधार नसतं. तेवढ्या वेळात काहीतरी नक्की कळलेलं असतं. पण कळणं आणि येणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते व्हिडिओ सुरू असताना कापलं जात नाही. तो थांबवल्यानंतर कापलं जातं. रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना हे मला जितकं लख्ख दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं.

मी पुण्यात यंत्रांच्या कंट्रोलरसाठी सॉफ्टवेअर लिहिते. उमेदीची सगळी वर्षं सी आणि सी प्लस प्लसमध्ये गेली. त्या भाषांवर माझा जीव आहे आणि त्यांतली धोक्याची वळणंही मला पाठ आहेत : परत केलेली मेमरी पुन्हा वाचणं, एकच मेमरी दोनदा मोकळी करणं, अ‍ॅरेची हद्द ओलांडून लिहिणं. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा विभागातल्या लोकांनी 2019 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं, की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी सापडणाऱ्या आणि नोंदवल्या जाणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे 70 टक्के त्रुटींचं मूळ मेमरीच्या अशाच गैरवापरात असतं. रस्ट जन्माला आली ती या दुखण्यावर उपाय म्हणून. 2006 साली मोझिलात काम करणारा ग्रेडन होअर व्हँकुव्हरला आपल्या इमारतीत परतला तेव्हा लिफ्ट बंद होती. तिचं सॉफ्टवेअर कोसळलं होतं, आणि तेही पहिल्यांदा नव्हे. घर एकविसाव्या मजल्यावर. जिने चढता चढता तो चिडला : एक लिफ्ट धड चालेल एवढंही आपल्याला लिहिता येऊ नये? त्याने लॅपटॉप उघडला आणि नव्या भाषेची आखणी सुरू केली. 15 मे 2015 ला तिची 1.0 ही आवृत्ती आली. लिफ्टचा कंट्रोलर म्हणजे माझ्याच कामाचा भाऊबंद. त्यामुळे ही गोष्ट वाचली तेव्हाच ही भाषा मला आपली वाटू लागली होती. ऑफिसात नव्या कंट्रोलरसाठी ती वापरायचं ठरलं तेव्हा मी आनंदाने पुढे झाले.

शिकायला रस्टचं अधिकृत पुस्तक आहे. फुकट वाचायला मिळतं आणि फार निगुतीने लिहिलेलं आहे. तरी रात्रीची जेवणं आटोपून, ओटा आवरून झाला की हात व्हिडिओकडेच वळायचा. यात आळसाचा भाग थोडा, आणि दुसरं कारण मोठं. पुस्तकात प्रोग्रॅम तयार झालेला छापलेला असतो. तो कोणत्या क्रमाने लिहिला गेला ते कागदावर दिसत नाही, व्हिडिओत दिसतं. एका शिकवणाऱ्याने मोठं फंक्शन लिहायला घेतलं तेव्हा आधी फक्त त्याचं नाव, ते काय घेणार आणि काय परत देणार एवढंच लिहिलं. आत 'टूडू' हा मॅक्रो टाकला आणि तसंच अपुरं फंक्शन कंपाइल केलं. कंपायलरने ते पास केलं, कारण सांगाडा जुळत होता. मग असे चार-पाच सांगाडे एकमेकांना जोडून घेतले, आणि सगळं जुळतंय अशी खात्री झाल्यावर एकेक टूडू काढून तिथे खरं काम भरलं. हे त्याने शब्दांत सांगितलंसुद्धा नाही. तो दुसऱ्याच कशाबद्दल बोलत होता. पण त्याचे हात जे करत होते ते मी उचललं आणि माझी लिहिण्याची पद्धत तिथून बदलली. अशा गोष्टी एकाने दुसऱ्याच्या शेजारी बसूनच शिकायच्या असतात. शेजारी बसायला कोणी नसेल तिथे व्हिडिओ ती जागा बऱ्यापैकी भरून काढतो.

लहानपणी दूरदर्शनवर यूजीसीचे शैक्षणिक कार्यक्रम लागायचे. 1984 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली ती 'कंट्रीवाइड क्लासरूम'. त्यातलं काही फार सुंदर असायचं. पण टीव्हीला 'जरा थांब' म्हणता येत नसे. एखादी संज्ञा निसटली की निसटली, कार्यक्रम पुढे निघून गेलेला असायचा. पुढे यूट्यूब आलं आणि 2006 मध्ये त्यांनी व्हिडिओवर दहा मिनिटांची मर्यादा घातली. अमेरिकेत सल खान आपल्या नात्यातल्या मुलांना शिकवण्यासाठी गणिताचे जे व्हिडिओ करत होते ते या मर्यादेत बसवलेले होते. मर्यादा सक्तीची, पण ती शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडली. 2014 मध्ये फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या चार अभ्यासक्रमांतली 69 लाख प्रेक्षण-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहणारे साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत असं त्यांना आढळलं. तेव्हापासून 'सहा मिनिटं' हा जणू नियमच झाला.

मला स्वतःला नुसत्या आखूडपणात फारसं काही दिसत नाही. सहा मिनिटांचे दहा व्हिडिओ एकापाठोपाठ एक पाहिले तर तासभराचा एकच व्हिडिओ पाहिल्यासारखं होतं, आणि एक संपला की पुढचा आपोआप सुरू होण्याची सोय तर सगळीकडे आहेच. आखूड व्हिडिओचा खरा उपयोग असा, की तो संपतो तेव्हा अजून आपल्या अंगात काहीतरी करण्याइतकी ताकद शिल्लक असते. ती ताकद पुढचा व्हिडिओ बघण्यात घालवायची, की टर्मिनल उघडण्यात, इथेच सगळं ठरतं.

शिकागो विद्यापीठातल्या मायकल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी 2018 मध्ये याच गोष्टीवर प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना डार्ट्सच्या नेमबाजीचा एक व्हिडिओ दाखवला, काहींना एकदा आणि काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहिलेल्यांना आपला नेम चांगला लागेल अशी जास्त खात्री वाटली. प्रत्यक्षात त्यांचा नेम एकदाच पाहिलेल्यांपेक्षा चांगला लागला नाही. त्यांचा आणखी एक प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. जगलिंगच्या पिना हवेत उडवून झेलण्याचा व्हिडिओ पाहून ज्यांना आत्मविश्वास आला होता त्यांच्यातल्या काहींच्या हातात त्या पिना नुसत्या दिल्या. झेलायला लावल्या नाहीत, फक्त धरायला दिल्या. तेवढ्यानेही त्यांचा अंदाज जमिनीवर आला. वजन हाताला लागलं, एवढंच झालं होतं.

प्रोग्रॅमिंगमध्ये ते वजन म्हणजे एरर. म्हणून पहिला धडा मालकीचा घेऊ. रस्टमध्ये प्रत्येक मूल्याचा एका वेळी एकच मालक असतो, आणि मालक व्हेरिएबलचा आवाका संपला की मेमरी आपोआप मोकळी होते. हे वाक्य प्रत्येक व्हिडिओत पहिल्या दोन मिनिटांत येतं. सोबत एक आकृती : डावीकडे स्टॅकवर पत्ता, लांबी आणि क्षमता अशा तीन चौकटी, तिथून निघालेला बाण उजवीकडे हीपवरच्या अक्षरांकडे. तीन वेगवेगळ्या शिकवणाऱ्यांकडून मी ही आकृती पाहिली होती आणि कोणी मागितली असती तर फळ्यावर काढून दाखवली असती.

मग तीन ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत 'गाव' नावाचं व्हेरिएबल, त्यात एक स्ट्रिंग. दुसऱ्या ओळीत 'पत्ता' नावाच्या व्हेरिएबलला 'गाव' देऊन टाकलं. तिसऱ्या ओळीत 'गाव' छापायला सांगितलं. सी प्लस प्लसमध्ये दुसऱ्या ओळीत स्ट्रिंगची प्रत निघाली असती आणि दोन्ही नावं आपापली प्रत घेऊन सुखाने नांदली असती. इथे कंपायलर थांबला. वर लाल अक्षरांत ई 0382. खाली माझ्याच तीन ओळी त्याने पुन्हा मांडल्या होत्या आणि प्रत्येकीखाली खुणेच्या रेघा मारून शेरे लिहिले होते. पहिलीखाली : या मूल्याचा प्रकार स्ट्रिंग, त्याला 'कॉपी' हा गुण नाही, म्हणून ते हलवलं जातं. दुसरीखाली : मूल्य इथे हललं. तिसरीखाली : हलल्यानंतर इथे उसनं घेतलं. आणि शेवटी सल्ला : वेळेचा आणि मेमरीचा खर्च परवडत असेल तर क्लोन करा, म्हणजे प्रत काढा. तो कुठे आणि कसा लिहायचा तेही दाखवलं होतं. आणखी खोलात जायचं असेल तर त्याच क्रमांकाने सविस्तर खुलासा मागवता येतो, छोट्या उदाहरणांसकट.

कंपायलर इतका समजावून बोलतो हे मला अपूर्वाईचं होतं. ज्या कंपायलरांबरोबर माझी हयात गेली ते तुटक बोलायचे. रस्टच्या मंडळींनी 2016 मध्ये एररची मांडणी मुद्दाम नव्याने केली, आणि त्यात एल्म या भाषेचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. शिक्षणाचा अर्धा भार त्यांनी भाषेच्या आतच ठेवून दिला आहे असं मला वाटतं. व्हिडिओ बंद केला तरी शिक्षक टर्मिनलमध्ये बसलेलाच असतो.

त्या रात्री पुढचा व्हिडिओ लावला नाही. त्याच तीन ओळी किती तऱ्हांनी मोडता येतात ते पाहत बसले. स्ट्रिंगच्या जागी साधा अंक ठेवला, तर तक्रार नाही : अंक हलत नाहीत, त्यांची प्रत निघते. 'पत्ता'ला मालकी न देता फक्त संदर्भ दिला, म्हणजे मूल्य उसनं दिलं, तर दोघंही छापली जातात. 'गाव' एका फंक्शनला पाठवलं, तर परत आल्यावर ते वापरता येईना, म्हणजे फंक्शनला देणं हेही देऊन टाकणंच. प्रत्येक वेळी एंटर मारण्याआधी काय होईल ते मनाशी ठरवायचं आणि मग मारायचं. अंदाज बरोबर येऊ लागले तेव्हा ती आकृती पहिल्यांदा माझी झाली. तिन्ही शिकवणारे उत्तम होते. पण त्यांनी बाण काढून दाखवला होता, आणि तो तसाच का निघतो ते हातानेच समजून घ्यायचं होतं.

व्हिडिओंना आणखी एक गोष्ट चिकटलेली असते, त्यांचं वय. भाषा पुढे जाते आणि व्हिडिओ जिथल्या तिथे राहतो. पायथन शिकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. जुन्या व्हिडिओत 'प्रिंट'पुढे कंस नसतो, आणि पायथन 3 वर ती ओळ जशीच्या तशी लिहिली की पहिल्याच ओळीला अडखळायला होतं. पायथन 2 चा अधिकृत आधार 1 जानेवारी 2020 ला संपला तरी ते व्हिडिओ अजून फिरताहेत. नवशिक्याला वाटतं दोष आपला. असे व्हिडिओ पाहणाऱ्याला वर तारीख ठळक दिसावी असं मला मनापासून वाटतं.

रस्टमध्ये याच्या नेमकं उलट घडलं, आणि ते मला फार शिकवून गेलं. एका व्हिडिओत शिकवणारा म्हणाला, आता बघा, इथे कंपायलर आपल्याला अडवेल. त्याने एक व्हेक्टर घेतला, म्हणजे वाढू शकणारी यादी. तिच्या पहिल्या घटकाचा संदर्भ उसना घेतला, तो छापला, आणि मग यादीत नवा घटक घातला. त्याच्या पडद्यावर एरर आली. मी तेच लिहिलं आणि माझ्याकडे प्रोग्रॅम मुकाट चालला. ओळी पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या, फरक काहीच नव्हता. फरक तारखेत होता. व्हिडिओ 2018 च्या आधीचा होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या 1.31 आवृत्तीपासून कंपायलर अधिक बारकाईने पाहू लागला. आधी उसनवार त्या कंसाच्या शेवटापर्यंत चालू धरली जायची. आता तो संदर्भ शेवटचा जिथे वापरला तिथे ती संपते. छापून झालं, उसनवार मिटली, मग यादीत खुशाल घाला.

मी छापण्याची ओळ कापून घालण्याच्या ओळीखाली चिकटवली. आता आली एरर : ई 0502. आणि तिचं कारण माझ्या जुन्या ओळखीचं निघालं. यादीला दिलेली जागा भरली की तिला मेमरीत दुसरीकडे मोठी जागा घेऊन हलावं लागतं. पहिल्या घटकाचा जुना पत्ता मग ओसाड पडतो. सी प्लस प्लसमध्ये हाच प्रकार बिनबोभाट कंपाइल होतो, कित्येक दिवस नीट चालल्यासारखा वाटतो, आणि यंत्र ग्राहकाच्या कारखान्यात पोचल्यावर डोकं वर काढतो. असल्या दोषाच्या मागावर घालवलेल्या रात्री मला आठवतात. रस्टचा नियम साधा आहे : वाचणारे कितीही असोत, पण कोणी बदलणारा असेल तर त्या वेळी तो एकटाच. नियम ऐकून पाठ झालाच होता. तो कशासाठी आहे हे मला त्या शिळ्या व्हिडिओमुळे आणि एका ओळीच्या कापा-चिकटवामुळे उमगलं. व्हिडिओ ताजा असता तर माझा आणि त्याचा पडदा एकसारखा दिसला असता आणि मी पुढे गेले असते.

इस्लामपूरला माझी भाची बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं सी शिकणं चाललं आहे ते आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवरून, मराठीतून. केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प. केंद्र सरकारच्या शिक्षण-तंत्रज्ञान मोहिमेचा पैसा त्याला मिळाला आणि त्यातून सी, जावा, पायथन, लिनक्स, सायलॅब, लाटेक अशा कितीतरी मुक्त सॉफ्टवेअरचे धडे तयार झाले. धडा साधारण दहा मिनिटांचा. चित्र एकच, आवाज मात्र वेगवेगळ्या भारतीय भाषांत. कर्सर जिथे जातो तिथे जातोच, मराठी वाक्य त्या तेवढ्या सेकंदांत बसवावं लागतं. म्हणून प्रत्येक धड्याची लिखित संहिता असते, डावीकडे वेळ आणि उजवीकडे बोलायचं वाक्य. सुरुवातीलाच शिकणाऱ्याला सांगतात, पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ ठेवा, दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर, थोडं पाहा, थांबवा, तसंच करून पाहा. थांबणं हा तिथे पद्धतीचाच भाग आहे. शिक्षक जवळ नसलेल्या, इंग्रजी कानाला जड जाणाऱ्या मुलाने एकट्याने शिकावं असं धरून ते बांधलेलं आहे.

मी हे सगळं तिला मोठ्या उत्साहाने सांगत होते तर ती म्हणाली, "आत्या, मला त्यातलं काय आवडतं माहितेय? ते मुद्दाम चूक करून दाखवतात."

खरंच आहे. पहिल्याच सी प्रोग्रॅमच्या धड्यात तो प्रोग्रॅम चालवून झाल्यावर ते मुद्दाम बिघडवतात. पुन्हा कंपाइल करतात, एरर कोणत्या ओळीवर आली ते मोठ्याने वाचतात, दुरुस्त करतात, पुन्हा चालवतात. ती अर्धा-एक मिनिटच टिकणारी गोष्ट आहे, पण एररला घाबरायचं नसतं, ती वाचायची असते, हे मुलांना त्यातून पहिल्याच दिवशी मिळतं. माझ्या भाचीने ते नुसतं पाहिलं नाही, स्वतः करून पाहिलं, आणि मला फोनवर विचारलं, "अर्धविराम मी सहाव्या ओळीतला काढला, मग हा सातव्या ओळीत चूक आहे असं का म्हणतोय?" कॉलेजच्या लॅबमधला जीसीसी हा कंपायलर जुना होता. नव्या आवृत्त्या नेमकी जागा दाखवतात. मी तिला म्हटलं, तू कंपायलरच्या जागी बसून वाच. सहावी ओळ संपली तरी वाक्य संपलेलं नाही, पुढच्या ओळीवर ते चालू असू शकतं. गडबड आहे हे तुला कधी कळेल? ती क्षणभर गप्प होती. मग म्हणाली, "सातव्या ओळीतला पहिला शब्द वाचल्यावर." कंपायलर वाचतो कसा, हा पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमातला विषय एका काढलेल्या अर्धविरामातून तिच्या हाती आला होता.

व्हिडिओ करणाऱ्यांनी चुका कापून टाकू नयेत असं मी म्हणते ते यासाठी. कापण्यामागचा हेतू चांगलाच असतो, पाहणाऱ्याचा वेळ वाचावा. पण अनुभवी माणूस एरर आल्यावर काय करतो, आधी कुठे पाहतो, कोणता शेरा सोडून देतो आणि कोणत्यावर थांबतो, हेच तर नवख्याला दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही. तयार उत्तर पुस्तकात आहेच.

ऑफिसात आता आणखी मुलं रस्टकडे वळताहेत. बरीचशी सोलापूर, सांगली, परभणीकडची. आपसांत सगळं मराठीत बोलतात आणि शिकायचं म्हटलं की इंग्रजीत घुसमटतात. त्यांच्यासाठी मी दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ करायला घेतले आहेत. संहिता आधी लिहिते, दोन रकान्यांची. मालकीच्या धड्यात आकृती शेवटी ठेवली आहे. पहिल्याच मिनिटात 'गाव' आणि 'पत्ता', लगेच ई 0382, आणि कंपायलरचे शेरे एकेक करून वाचणं. त्यानंतर कंपायलरने क्लोन का सुचवला आहे आणि तो केव्हा टाळावा यावर मी काही वाक्यं लिहिली होती. मसुदा भाचीला पाठवला. रस्ट तिने कधी पाहिलेली नाही, म्हणून तीच माझी खरी परीक्षक.

तिचं उत्तर आलं, "आत्या, क्लोनचं लगेच सांगून टाकू नकोस ना. आधी आम्हाला करून बघू दे."

ती वाक्यं मी काढली. त्या जागी आता व्हिडिओ थांबवायची सूचना आहे आणि तीन प्रश्न : स्ट्रिंगच्या जागी अंक ठेवला तर, संदर्भ दिला तर, फंक्शनला पाठवलं तर. पुढचा धडा उसनवारीचा. त्यात यादीच्या पहिल्या घटकाचा संदर्भ घ्यायची ओळ आणि नवा घटक घालायची ओळ मी लिहून देणार आहे. छापण्याची ओळ कुठे ठेवायची ते पाहणाऱ्याने ठरवायचं आहे.